चिन्ह मागणारे आणि चिन्ह नाकारणारा
(स्मारक व्याख्यानमाला : पहिले पुष्प)



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकविले आणि उतारवयात ग्रीक भाषेचा अभ्यास आरंभिला, तो केवळ नवा करार मूळ भाषेत वाचता यावा म्हणून. कोणताही धर्मग्रंथ त्याच्या अनुयायाइतक्या आदराने आणि त्याच्या प्रतिपक्षाइतक्या बारकाईने वाचला पाहिजे, ही शिस्त त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना लावून दिली. येशूच्या चमत्कारकथांचा विषय मी निवडला, तो या शिस्तीची पुरती कसोटी पाहणारा आहे म्हणून. श्रद्धावानाला या कथांची चिकित्सा म्हणजे पाखंड वाटते आणि बुद्धिवाद्याला त्यांचे वाचन म्हणजे कालापव्यय वाटतो. परिणाम एवढाच होतो, की कथा दोघांकडूनही वाचावयाच्या राहून जातात.

मी ख्रिस्ती कुळात जन्मलो नाही. ज्या घरात मी वाढलो तेथे चातुर्मासात महिपतीच्या ‘भक्तविजया’चे वाचन होत असे, आणि १७६२ साली पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाने चमत्कार म्हणजे काय याची जी कल्पना माझ्या मनावर ठसविली, तिच्याच आधाराने मी पुढे सर्व चमत्कारकथा वाचीत आलो. महिपतीकडे चमत्कार बहुधा एखाद्या तंट्याचा निवाडा म्हणून येतो. पैठणचा ब्रह्मवृंद ज्ञानदेवादी भावंडांचा अधिकार नाकारतो, तेव्हा रेड्याच्या मुखातून वेद वदविले जातात आणि ब्रह्मवृंद निरुत्तर होतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडविल्या जातात, त्या कोरड्याच्या कोरड्या वर येतात, आणि ज्या रामेश्वरभट्टांनी विरोध केला तेच तुकोबांचे शिष्य होतात. ईश्वराच्या दरबारी फिर्याद दाखल व्हावी आणि तिचा हुकूमनामा साऱ्या गावासमक्ष वाचून दाखविला जावा, तसा हा प्रकार असतो. हुकूमनामा वाचल्यावर प्रतिवादीला बोलावयास जागा उरत नाही.

येशूच्या कथाही आपल्या भाषेत प्रथम याच थाटाने अवतरल्या. गोमंतकात राहून मराठीशी एकरूप झालेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्यांतून जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली, आणि पुराण या साहित्यप्रकाराला चमत्काराचे समर्थन करीत बसण्याची गरज कधीच नसल्यामुळे ती कथा सहजपणे मराठी कानांत उतरली. एकोणिसाव्या शतकात मात्र हवा बदलली. मुंबईत १८३० च्या सुमारास मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाले. १८३९ साली कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीतील जॉन म्यूर याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या धर्माची जी लक्षणे सांगितली, त्यांत संस्थापकाच्या ठायी चमत्काराचे सामर्थ्य असणे हे एक प्रमुख लक्षण होते. त्या ग्रंथाला संस्कृतातूनच उत्तरे लिहिली गेली, आणि उत्तर देणाऱ्यांत काशीनिवासी कोकणस्थ ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोरे होते, जे पुढे १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. म्यूरच्या त्या लक्षणापुरते पाहिले, तर पुराणे जाणणाऱ्या कोणाही माणसाजवळ त्यावर तयार उत्तर होते: चमत्कार हाच जर पुरावा असेल, तर आमच्या दप्तरात तो तुमच्याहून अधिक आहे. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विनातक्रार गृहीत धरली होती, ती ही की चमत्कार ही सनद आहे आणि ज्याच्या नावे सनदा अधिक, त्याचा हक्क मोठा.

माझे आजचे म्हणणे असे आहे की, चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुन्या शुभवर्तमानाला, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाला, हे गृहीतच मान्य नाही. इसवी सन ७० च्या आसपास, जेव्हा रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जमीनदोस्त केले त्या भयंकर काळाच्या छायेत, हा ग्रंथ लिहिला गेला असे बहुतेक विद्वान मानतात. सोळा अध्यायांचा हा लहानसा ग्रंथ. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा चमत्कारांनी व्यापला आहे. आणि तरीही ज्याच्या हातून हे चमत्कार घडतात तो पुरुष ते पुराव्यादाखल पुढे करण्यास ठायीठायी नकार देतो. चमत्कारांनी भरलेल्या ग्रंथाच्या नायकाने चमत्काराच्या साक्षीला नकार द्यावा, यातील ताण मला फार मोलाचा वाटतो.

प्रथम एवढे स्पष्ट केले पाहिजे की, येशू हा आपल्या काळी रोगनिवारक आणि भूतबाधा दूर करणारा म्हणून ख्यात होता, याविषयी इतिहासकाराला फारसा संशय घेण्याचे कारण नाही. यरुशलेमेहून आलेले शास्त्री तिसऱ्या अध्यायात त्याच्यावर आरोप करतात, तो त्याने काही केलेच नाही असा नसून, जे केले ते भुतांचा अधिपती बालजबूल याच्या साहाय्याने केले असा आहे. आणि प्रतिपक्षाने दिलेली अशी कबुली कोणत्याही न्यायासनापुढे वजनदार ठरते. ज्यू इतिहासकार योसेफस याच्या ग्रंथातील येशूविषयीच्या मजकुरात पुढील ख्रिस्ती हातांनी भर घातली हे सामान्यतः मान्य झालेले आहे. तरी त्याला विस्मयकारक कृत्ये करणारा म्हणणारे शब्द योसेफसचेच असावेत असे अनेक पंडितांना वाटते. शिवाय असा लौकिक असणारा त्या काळी येशू एकटाच नव्हता. गालीलातील हनीना बेन दोसा दूर अंतरावरून प्रार्थना करून रुग्णांना बरे करी, अशी तालमुदातील परंपरा आहे. आणि व्हेस्पेशियनने अलेक्झांड्रियात एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लावून त्याला दृष्टी दिल्याची हकीकत टॅसिटससारख्या कठोर इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. व्हेस्पेशियनच्या त्या हकीकतीचा उपयोग कोणाला झाला हे मात्र पाहण्यासारखे आहे: नुकत्याच सिंहासनाकडे निघालेल्या सेनापतीला दैवी मान्यतेची गरज होती, आणि ती त्या चमत्काराने पुरविली.

त्या कृत्यांच्या मुळाशी प्रत्यक्षात काय घडले, याचा निकाल द्यावा अशी श्रोत्यांपैकी काहींची अपेक्षा असेल. १७४८ साली ह्यूमने चमत्काराच्या साक्षीविरुद्ध मांडलेला युक्तिवाद आणि १८३५ साली श्ट्राउसने लिहिलेले येशूचरित्र, ज्यापायी त्या तरुण विद्वानाला विद्यापीठाचे दार कायमचे बंद झाले, यांचा परिचय आपल्यापैकी पुष्कळांना असेल. त्या वादाचा इतिहास सांगण्यात मी वेळ घालवीत नाही. कारण निसर्गनियमांचा भंग शक्य आहे की नाही या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी या कथा काय सांगतात हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

तेव्हा कथांकडेच वळू. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी शब्बाथाच्या दिवशी, सभास्थानात, वाळलेल्या हाताच्या एका माणसाला येशू मध्ये उभा राहावयास सांगतो आणि त्याचा हात बरा करतो. महिपतीच्या वाचकाची येथे स्वाभाविक अपेक्षा अशी, की हात सर्वांदेखत बरा झाल्यावर विरोधक निरुत्तर होऊन शरण येतील. प्रत्यक्षात परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाचे लोक, बाहेर जातात आणि हेरोदाच्या पक्षातील लोकांशी मिळून त्याचा घात कसा करावा याची मसलत करू लागतात. निवाडा मिळाला असे येथे कोणालाच वाटलेले नाही. वाद मिटण्याऐवजी प्राणावर बेतला आहे, आणि हे ग्रंथाच्या अगदी आरंभी.

सहाव्या अध्यायात तो आपल्या गावी, नासरेथास जातो. सुताराचे काम करणारा हा माणूस, ज्याची आई आणि भावंडे आपल्यामध्येच नांदतात, त्याला ही विद्या कोठून आली, असे गावकरी विचारतात. आणि मार्क म्हणतो की तेथे त्याला काही थोड्या दुखणाइतांवर हात ठेवून त्यांना बरे करण्यापलीकडे कोणतेही महत्कृत्य करता आले नाही. करता आले नाही! मार्काचा ग्रंथ समोर ठेवूनच मत्तयाने आपले शुभवर्तमान रचले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने हे वाक्य बदलून, तेथे त्याने फारशी महत्कृत्ये केली नाहीत, असे लिहिले. असामर्थ्याच्या जागी इच्छेचा अभाव आला आणि नायकाची प्रतिष्ठा सांभाळली गेली. भक्ताने आपल्या दैवताचे वैगुण्य झाकावे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे, आणि मत्तयाला मी दोष देत नाही. पण ज्या लेखकाने ते वैगुण्य न झाकता नोंदविले, त्याच्या शब्दावर माझा विश्वास अधिक बसतो.

आता ज्या कथेपाशी मला अधिक वेळ थांबावयाचे आहे, ती पाचव्या अध्यायातील आहे. सरोवराच्या काठी गर्दी जमली असता याईर नावाचा सभास्थानाचा एक अधिकारी येशूच्या पाया पडतो आणि आपली लहान मुलगी मरणोन्मुख आहे, तिच्यावर येऊन हात ठेवावे, अशी काकुळतीने विनंती करतो. येशू त्याच्यासोबत निघतो. गर्दी दोन्ही बाजूंनी रेटीत असते. त्या गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. तिचे नाव मार्काने दिले नाही. पुष्कळ वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसले, जवळ होते नव्हते ते सारे खर्ची घातले, आणि गुण न येता दुखणे उलट विकोपास गेले, एवढा तिचा पूर्ववृत्तांत तो देतो. वैद्यांविषयीचा हा कडवटपणा लूकाच्या लेखणीत बराच सौम्य झाला आहे. ती पाठीमागून येते आणि त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. तत्क्षणी आपण बरे झालो हे तिला आपल्या देही जाणवते.

कथा येथे संपू शकली असती. रोग गेला, कोणाला कळले नाही, आणि याईराच्या घरी मुलगी शेवटच्या घटका मोजीत आहे. पण येशू थांबतो, मागे वळतो, आणि मला कोणी स्पर्श केला असे विचारतो. शिष्यांना हा प्रश्न विक्षिप्त वाटतो. एवढ्या चेंगराचेंगरीत कोणी कोणाला शिवले याची चौकशी कसली? तो मात्र सभोवार पाहतच राहतो. अखेर ती स्त्री भीत व कापत पुढे येते, पाया पडते आणि सर्व खरे ते सांगते. बारा वर्षांची हकीकत सांगावयास काही थोडा वेळ लागत नाही. आणि त्या सबंध वेळात याईर बाजूला उभा आहे. तो काय बोलला, त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले, याविषयी मार्क एक अक्षर लिहीत नाही. ज्याच्या शब्दाला गावात मान आहे असा एक बाप आपल्या मुलीचा जीव जात असताना, जिच्यासाठी बोलणारे कोणीही नाही अशा एका निर्धन बाईची कैफियत संपण्याची वाट पाहत तिष्ठत उभा आहे. आणि येशू तिला जे संबोधन देतो ते मुली असे आहे. एका मुलीसाठी बाप पायाशी लोळण घेतो आणि दुसरीला असा बापच नाही, हे ज्याच्या लक्षात आले त्याच्या तोंडी हे संबोधन सहजगत्या आले असेल असे मला वाटत नाही.

एवढ्यात याईराच्या घरून माणसे येतात: मुलगी गेली, आता गुरुजींना श्रम कशाला? म्हणजे पहिल्या चमत्काराने दुसऱ्याचा वेळ खाल्ला. येशू बापाला धीर देतो, पेत्र, याकोब आणि योहान या तिघांखेरीज कोणालाही सोबत येऊ देत नाही, घरातील आक्रोश करणारे जे त्याला हसले त्या सर्वांना बाहेर काढून आईबापांना घेऊन मुलीपाशी जातो आणि तिचा हात धरून तिला उठण्यास सांगतो; अरामी भाषेतील ते दोन शब्द मार्काने आपल्या ग्रीक ग्रंथात जसेच्या तसे राखले आहेत. मुलगी उठून चालू लागते, आणि तेव्हा मार्क सांगतो की ती बारा वर्षांची होती. म्हणजे एका घरी ज्या वर्षी ही मुलगी जन्मली, त्याच वर्षी दुसऱ्या घरी ते दुखणे सुरू झाले. आणि त्या समाजात मुलगी लग्नाच्या उंबरठ्यावर येते त्या वयात एकीचे आयुष्य संपू पाहत होते, तर दुसरीचे त्याच अवधीत निथळून गेले होते. दोन कथा एकमेकींत गुंफून सांगणे ही मार्काची आवडती रीत आहे, पण तिचे सार्थक येथे झाले तसे अन्यत्र झालेले नाही. हीच हकीकत मत्तयाकडे वाचली तर मुलगी आरंभीच मेलेली आहे, त्या स्त्रीचा प्रसंग तीन वचनांत आटोपला आहे आणि मला कोणी स्पर्श केला हा प्रश्न गळून गेला आहे. सर्वज्ञ पुरुषाला असा प्रश्न शोभत नाही असे मत्तयाला वाटले असावे. प्रश्न गेला, विलंब गेला, आणि याईराचे ते तिष्ठणेही गेले.

या कथेच्या निरूपणात विटाळाचा विचार नेहमी येतो, आणि जेथे सोयराबाईच्या अभंगांनी देहाच्या विटाळाविषयी प्रश्न विचारले त्या भूमीत तो यावा हे स्वाभाविक आहे. लेवीयाच्या ग्रंथातील पंधराव्या अध्यायाप्रमाणे अशा स्त्रीच्या शय्येला किंवा आसनाला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध ठरे. पण त्यावरून यहुदी धर्म निर्दय आणि येशू त्याचा उच्छेदक, असा जो सोपा निष्कर्ष पुष्कळ प्रवचनांतून काढला जातो, तो मला न्याय्य वाटत नाही. त्या शास्त्रात अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. प्रसूती, दांपत्यसंबंध, प्रेताचे दफन अशा नित्याच्या कर्मांनीही ती येते आणि स्नानाने व कालावधीने जाते. शिवाय मार्क या प्रसंगात विटाळाचा उच्चारही करीत नाही; तो पैशाचा करतो. या स्त्रीला दारिद्र्य आले, ती एकाकी पडली आणि तिला आपले बरे होणेदेखील चोरून मिळवावे लागले, हे त्याला सांगावयाचे आहे. आणि म्हणून ती बरी झाल्यावरही येशू तिला तसेच जाऊ देत नाही. गर्दीदेखत तिला बोलती करतो.

येथे एक विलक्षण विरोध आहे. गुप्तपणे झालेला चमत्कार येशू उघड करतो, आणि ज्या चमत्काराची वार्ता साऱ्या गावाला लागणारच, त्याविषयी कोणाला कळू देऊ नका अशी सक्त ताकीद देतो. प्रसिद्धी हा हेतू असता तर याच्या नेमके उलट झाले असते. त्या स्त्रीला चारचौघांत उभे राहण्याची गरज होती, तेव्हा तिला चारचौघांत आणले. मुलीला गर्दीच्या कुतूहलापासून दूर राहण्याची गरज होती, तेव्हा दार लोटून घेतले. आणि त्याची शेवटची आज्ञा कोणती? मुलीला काही खावयास द्या. आईबाप विस्मयाने इतके भारावले आहेत की पोर उपाशी आहे हे त्यांच्या ध्यानी नाही. ते ज्याच्या ध्यानी राहिले तो चमत्कार करणाराच आहे. चमत्कारकथांचे अफाट वाङ्मय जगात आहे, पण मेलेल्या माणसाला उठविल्यावर जेवणाची आठवण करणारा नायक माझ्या वाचनात दुसरा आलेला नाही.

अन्नाचा विषय निघालाच आहे, तर पाच भाकरी व दोन मासे यांनी पाच हजार पुरुषांना तृप्त केल्याची कथा सोडता येणार नाही. पुनरुत्थान वेगळे ठेवले, तर चारही शुभवर्तमानांत येणारा चमत्कार हा एवढाच. या कथेला जुना आधार आहे: राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अलीशा संदेष्टा सातूच्या वीस भाकरींनी शंभर माणसांना जेवू घालतो आणि अन्न उरते. १८२८ साली पाउलुस या जर्मन पंडिताने तिची उपपत्ती अशी लावली की, येशूने आपली शिदोरी वाटलेली पाहून ज्यांच्याजवळ अन्न लपविलेले होते त्यांनीही ते बाहेर काढले. ही उपपत्ती सज्जनपणाची आहे, पण कथेत तिला कोठेही जागा नाही. सर्वांनी डबे आणले होते असे ठरविले, की लोकांची भूक पाहून द्रवलेला येशू आणि दोनशे दीनारांच्या भाकरी आणाव्यात की काय असे विचारणारे शिष्य, हे दोघेही निरर्थक होतात. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिष्यांनी हिशेब बरोबर केला होता.

मार्काकडे अशी जेवणे दोन आहेत, आणि दुसऱ्यानंतर, सात भाकरींवर चार हजार माणसे जेवून उठल्यावर लगेच, परूशी येऊन त्याच्याजवळ आकाशातून काही चिन्ह दाखविण्याची मागणी करतात. ही मागणी येथेच यावी अशी मार्काने योजना केली आहे. येशू अंतःकरणापासून उसासा टाकतो, या पिढीला कोणतेही चिन्ह दिले जाणार नाही असे सांगतो आणि नावेत बसून निघून जातो. भुकेल्यांना अन्न मिळाले ते चिन्ह नव्हते काय? मार्काच्या दृष्टीने पाहता ते चिन्ह म्हणून दिलेच नव्हते. भूक होती म्हणून अन्न दिले होते. मत्तय आणि लूक यांनी वर्णिलेल्या अरण्यातील परीक्षेत हाच विवेक अन्य रीतीने आला आहे: स्वतःची भूक भागविण्यासाठी धोंड्यांच्या भाकरी करण्यास तो नकार देतो, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून आपली सनद सिद्ध करण्यासही. सामर्थ्य दुसऱ्याच्या गरजेसाठी खर्च होते. आपल्या गरजेसाठी नाही आणि आपल्या पुराव्यासाठीही नाही.

त्यानंतर लवकरच बेथसैदा येथील आंधळा येतो. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकी लावतो, हात ठेवतो आणि काही दिसते का असे विचारतो. त्या माणसाला माणसे दिसतात, पण झाडे चालत असावीत तशी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा स्वच्छ दिसू लागते. दोन प्रयत्नांत पुरे झालेला हा एकच चमत्कार शुभवर्तमानांत आहे, आणि मत्तय व लूक या दोघांनीही तो गाळला आहे. मार्काने तो ठेवला, तो कोठे? पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो त्याच्या अगदी आधी. पेत्राने ओळखले खरे, पण येशू आपल्या दुःखसहनाविषयी बोलू लागताच तोच पेत्र त्याचा निषेध करू लागतो. त्याला दिसले आहे, पण अर्धवट. तेथून यरुशलेमेपर्यंतच्या वाटेवर येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो, शिष्यांना तीनदा कळत नाही, आणि त्या वाटेच्या शेवटी यरीहोजवळ बार्तीमय नावाचा दुसरा आंधळा दृष्टी मिळताच त्याच्या मागे चालू लागतो. दोन आंधळ्यांच्या मध्ये मार्काने शिष्यांचे आंधळेपण ठेवले आहे, आणि त्यावर चमत्काराचा उपाय त्याने योजलेला नाही.

माझ्या प्रतिपादनाविरुद्ध योहानाचे शुभवर्तमान पुढे केले जाईल, आणि तो आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. योहान चमत्कारांना चिन्हेच म्हणतो, आणि वाचकाने विश्वास ठेवावा म्हणून ती लिहिली असे ग्रंथाच्या अखेरीकडे स्पष्ट सांगतो. पण त्याच्याकडेही हा तंतू अगदी तुटलेला नाही. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, तो कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही, ज्यांनी पाणी भरले त्या चाकरांना तेवढे ठाऊक होते. ज्यांनी चिन्हे पाहून विश्वास ठेवला त्यांच्यावर येशूने आपला भरवसा टाकला नाही. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक त्याला बळेच राजा करू पाहतात असे दिसताच तो एकटा डोंगरावर निघून गेला. आणि सर्वांत मोठे चिन्ह, लाजराला कबरेतून बाहेर बोलावणे, त्याचा परिणाम म्हणून धर्मसभेने त्याच्या वधाचा ठराव केला. योहानाचे प्रकरण स्वतंत्र विवेचन मागते, ते मी उद्याच्या व्याख्यानासाठी राखून ठेवतो.

मार्काकडे चिन्हाची शेवटची मागणी वधस्तंभाखाली होते. मुख्य याजक आणि शास्त्री आपसांत म्हणतात की याने दुसऱ्यांना वाचविले, याला स्वतःला वाचविता येत नाही. आता याने खाली उतरावे, म्हणजे आम्ही पाहू आणि विश्वास ठेवू. थट्टेने बोललेले हे शब्द मार्काच्या ग्रंथाचे सर्वांत अचूक वर्णन आहेत. दुसऱ्यांना वाचविले हे विरोधकांनी अखेरच्या घटकेसही मान्य केले. स्वतःला वाचविता येत नाही हेही खरे, कारण ज्या सामर्थ्याचा विनियोग सर्वकाळ दुसऱ्यासाठी झाला त्याला स्वतःकडे वळण्याची वाटच ठाऊक नव्हती. तो उतरत नाही. मग समोर उभा असलेला रोमन शताधिपती, येशूने कसा प्राण सोडला हे पाहून, हा खरोखर देवाचा पुत्र होता, असे उद्गार काढतो. दुपारचा अंधार आणि मंदिराचा फाटलेला पडदा मार्कानेही सांगितला आहे; तरी शताधिपतीच्या उद्गाराचे कारण म्हणून तो त्यांपैकी कशाचाही उल्लेख करीत नाही, केवळ त्या मरण्याचा करतो. मत्तयाकडे मात्र भूमी हादरते, खडक फुटतात, कबरी उघडतात, आणि शताधिपती भूकंप पाहून तो उद्गार काढतो. मार्काच्या शताधिपतीला दिसले एक हतबल मरण, आणि सबंध ग्रंथात कोणाही शिष्याला जे नीट उमगले नाही ते त्या परक्या शिपायाला तेथे उमगले.

त्यानंतरचा प्रश्न ग्रंथाच्या शेवटाचा आहे. चौथ्या शतकातील दोन सर्वांत प्राचीन संपूर्ण हस्तलिखितांत, जी सिनाई आणि व्हॅटिकन यांच्या नावांनी ओळखली जातात, मार्काचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबते: स्त्रिया रिकामी कबर पाहतात, एका तरुणाकडून निरोप ऐकतात, कापत पळून जातात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशूचे दर्शन तेथे नाही. पुढील बारा वचने नंतरच्या हातची आहेत याविषयी आता विद्वानांत फारसा मतभेद उरलेला नाही. आणि त्या हाताने जे भरले ते पाहिले पाहिजे. विश्वास ठेवणाऱ्यांबरोबर चिन्हे राहतील: ते भुते काढतील, नव्या भाषा बोलतील, सर्प उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही. ज्या पिढीला चिन्ह मिळणार नाही असे आठव्या अध्यायात सांगितले, तिच्या पुढच्या पिढ्यांना येथे चिन्हांची यादीच बहाल केली आहे. ही वचने लिहिणारा माणूस श्रद्धाळू होता आणि ग्रंथ अपुरा राहिला असे त्याला मनापासून वाटले, यात शंका नाही. म्यूरच्या ‘मतपरीक्षे’ने जो प्रमाणपत्रांचा मार्ग धरला त्याची पहिली पावले मला या बारा वचनांत दिसतात. मूळ लेखकाने तो मार्ग धरला नव्हता. कबरेतील त्या तरुणाचा निरोप असा आहे, की येशू तुमच्यापुढे गालीलात जात आहे. तेथेच ते सभास्थान आहे जेथे वाळलेला हात बरा झाला, तेथेच याईराचे घर आहे आणि वस्त्राला शिवलेली ती स्त्रीही त्याच मुलखात कोठेतरी राहते. वाचकाला मार्क तिकडे, म्हणजे आपल्याच ग्रंथाच्या आरंभाकडे, परत पाठवितो.